पाठीवर पांढरा पट्टा असलेली सातेरी: पेटी उघडण्याआधीची तयारी

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की महाबळेश्वर-जावळीकडच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांत अशा माश्या हमखास दिसतात: पाठीवर, पंखांच्या बरोबर मधे, पांढुरका पट्टा. नवा मधपाळ लगेच रोगाच्या शंकेने हादरतो. बहुतेक वेळा तो पट्टा तेरड्याच्या परागांचा असतो. तेरड्याचा मकरंद फुलामागच्या बारीक शेपटीत असतो आणि परागकोश फुलाच्या तोंडाशी, वरच्या अंगाला. माशी आत शिरली की पाठ त्यावर घासते. बाकीचं अंग ती पायांनी झाडून काढते, पण पाठीच्या मधल्या रेषेपर्यंत पाय नीट पोचत नाहीत. म्हणून पट्टा तसाच राहतो.

पण खात्री करायची असेल तर तयारीनिशी जा. बुरखा, धूर द्यायचा स्मोकर, चौकटी सोडवायची पटाशी सांगायला नको. मोबाइल चार्ज करा. रुंद चिकटपट्टी, कात्री, भिंग, पेन्सिल घ्या. पेन नको, दमट हवेत शाई फुटते.

आणि रिकाम्या काडीपेट्या घ्या. फुलांसाठी. गेल्या वर्षी मी माशीच्या पाठीवरचे पराग टेपवर व्यवस्थित उचलले आणि फूलच आणलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा तेरडा सरला होता, आणि त्या टेपला ताडून बघायला काहीच हाताशी नव्हतं. तेरड्याचा रंग तीन दिवस, तो आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा काडीपेट्या आदल्या रात्रीच पिशवीत टाका. सकाळी बघू म्हणाल तर राहतील.

सकाळी ऊन आल्यावर, आधी पेटीच्या दाराशी बसा. झाकणाला हात लावू नका. येणाऱ्या माश्यांचे फोटो वरून काढा, पट्टा बाजूने दिसत नाही. पायावरच्या परागगोळ्यांचा रंगही टिपा, तो पट्ट्याच्या रंगाशी जुळतो का ते पुढे कामाला येतं. इथेच पट्टा स्पष्ट दिसला तर पेटी उघडायची गरजच काय? सातेरीला सारखी उघडझाप सोसत नाही. त्रास झाला की वसाहत पेटी सोडून निघून जाते, आणि एका पट्ट्यापायी वसाहत घालवणं मला मान्य नाही. नेहमीच्या तपासणीचा दिवस असेल तरच उघडा, पोळ्याची चौकट पेटीवरच धरा, गार वारा असेल तर अळ्यांची चौकट लगेच परत ठेवा.

उघडण्याआधी एक आठवा: माश्यांना लागणाऱ्या बारीक परजीवी कोळ्यांसाठी पेटीत गंधक भुरभुरलं होतं का? ती पिवळी पूड अंगावर कुठेही, कशीही बसलेली असते. परागांचा पट्टा मात्र माशीमागून माशी एकाच जागी असतो. केस झडलेल्या, काळ्या तुळतुळीत, थरथरणाऱ्या माश्या दिसल्या तर विषय वेगळा. तो विषाणूजन्य लकवा असू शकतो, जाणत्या माणसाला त्याच दिवशी दाखवा.

पराग उचलताना माशी चिमटीत दाबू नका. काडीच्या टोकाला टेपचा बारीक तुकडा लावून पाठीला हलकेच टेकवा, सोडून द्या.

आता फूल. घरी जाताना घेऊ असं नाही, आत्ताच, पेटीपासून किलोमीटरभर फिरून. तेरड्याचं नुकतं उमललेलं फूल घ्या. फूल जुनं झालं की परागकोशांची टोपी गळून पडते, आत हिरवा स्त्रीकेसर उरतो, आणि असं फूल आणलं काय, न आणलं काय, सारखंच. हे फार जण चुकतात. जवळ तिळाचं शेत असेल तर तिळाचंही फूल घ्या, कारण तीळही माशीच्या पाठीवरच पराग टाकतो. तुंब्याचं रोप दिसलं तर त्याचंही, त्याचे पराग नारिंगी असतात आणि डोक्या-पाठीवर बसतात. प्रत्येक फुलाला वेगळी काडीपेटी. दोन फुलं एकत्र कोंबली की पराग मिसळले आणि सगळी मेहनत पाण्यात. काडीपेटीवर तिथेच नाव, तारीख, जागा लिहा. फूल घेतलं का? पिशवी उघडून बघा.

घरी आल्यावर काडीपेट्या उघड्या ठेवून सावलीत सुकवा, नाहीतर बुरशी धरते. जवळच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक मिळाला तर माशीवरचा टेप आणि फुलाचे पराग शेजारी-शेजारी बघा. तेरड्याचा कण लांबट चौकोनी, सूर्यफुलाचा काटेरी, तिळाचा उभ्या खाचांचा. वहीत पेटी क्रमांक, वेळ, फूल. फोटो त्याच दिवशी नाव देऊन ठेवा. आणि हो, पेटीच्या स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेही पेटीपासून निघण्याआधीच बघा, नाहीतर मुंग्या लागतात.