बॅटरीवरचे गवत कापण्याचे यंत्र घेताना
पेट्रोलचा ब्रशकटर बदलून बॅटरीवरचा घ्यायचा असेल, तर यंत्राआधी बॅटरी निवडावी; एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही, त्यामुळे पुढे कुंपण छाटण्याचे यंत्र किंवा पाचोळा उडवणारा ब्लोअर त्याच बॅटरीवर चालणारा मिळतो का, हे दुकानदाराला आधीच विचारावे. नुसत्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नये (खोक्यावरचे ‘२० व्होल्ट मॅक्स’ बहुधा १८ व्होल्टच असते): व्होल्टला बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासांनी गुणले की वॉट-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा मिळते; १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास, आणि काम किती वेळ चालेल ते मुख्यतः यावरून ठरते. पावसाळ्यातले ओले, दाट गवत बॅटरी लवकर उतरवते. तापलेली बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावावी. हंगाम संपल्यावर ती साधारण अर्धी चार्ज करून, यंत्रातून काढून, घरात कोरड्या, थंड जागी ठेवावी, उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये नव्हे.