आरव्हीचं पोट गोठू नये म्हणून

नाताळच्या सुटीत आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन ग्रँड कॅन्यनला जायचं ठरलं की नवखे आधी विचारतात, "आत थंडी वाजेल का?" वाजेल थोडी, पण माणसं दुलई ओढून निभावून नेतात. निभत नाही ते पाण्याचं. साउथ रिम, म्हणजे कॅन्यनची दक्षिण कड, सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तिथं रात्री पारा उणे 7-8 सेल्सिअस, म्हणजे 18 ते 20 फॅरनहाइटपर्यंत उतरणं नेहमीचंच. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. पेक्सचे (एका लवचीक प्लास्टिकचे) पाइप ताणले जाऊन बऱ्याचदा वाचतात. तडकतात ते जोड, पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं आणि टॉयलेटचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह.

यातलं बरंचसं गाडीच्या पोटात असतं: फरशीखाली, पातळ प्लास्टिकच्या पत्र्याआड. पाण्याच्या टाक्या, त्यांचे व्हॉल्व्ह, खालून जाणारे पाइप, सगळं तिथंच. आत 20 सेल्सिअस असताना पोटात शून्याखाली असू शकतं. म्हणून गाडी भाड्यानं घेताना एवढं नक्की विचारा: फर्नेसचा (प्रोपेन जाळून हवा तापवणाऱ्या यंत्राचा) एखादा डक्ट, म्हणजे गरम हवेची नळी, टाक्यांकडे जातो का? "फोर सीझन" असं बाहेर रंगवलेलं असतं, त्यावर जाऊ नका. काही जण हिवाळ्यात गाडी पाण्याविनाच देतात, तेही आधीच कळलेलं बरं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इलेक्ट्रिक हीटरमुळे. कॅम्पग्राउंडची वीज भाड्यातच धरलेली, मग प्रोपेन कशाला जाळा, असा हिशोब करून लोक 1,500 वॅटचा हीटर थर्मोस्टॅटजवळ (तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या यंत्राजवळ) लावून झोपतात. खोली उबदार राहते, थर्मोस्टॅट समाधानी, फर्नेस रात्रभर सुरूच होत नाही. पोटात जाणारी गरम हवाही बंद. सकाळी नळाला पाणी नाही. हीटर वापरायचाच तर थर्मोस्टॅटपासून लांब ठेवा आणि फर्नेस दर तासाला दोन-तीनदा तरी पेटतेय ना, हे कान देऊन ऐका. 30 अँपिअरच्या जोडणीवर एकच हीटर. तो एकटाच साडेबारा अँपिअर ओढतो, त्यात मायक्रोवेव्ह आणि आणखी काही लावलंत की ब्रेकर पडू शकतो.

प्रोपेनचं गणित आधीच करून ठेवा. 20 पौंडांच्या, म्हणजे 9 किलोच्या सिलिंडरात साधारण 4,30,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असतात. तासाला 30,000 बीटीयूची फर्नेस सलग चालली तर चौदा तासांत तो रिकामा. कडक थंडीत ती निम्मा वेळ चालते असं धरलं, तर एक सिलिंडर जेमतेम सव्वा दिवस पुरतो. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून मिळणाऱ्या सिलिंडरात बहुधा 15 पौंडच भरलेले असतात, ते वेगळंच. दोन सिलिंडर आणि आपोआप बदलणारा रेग्युलेटर असावा, नाहीतर गॅस हमखास पहाटे तीनला संपतो. आपल्याकडच्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेनही असतो आणि शून्याच्या आसपास त्याची वाफ होईनाशी होते. शुद्ध प्रोपेन मात्र उणे 42 पर्यंत वायू देत राहतो, म्हणून अमेरिकेतल्या थंडीत तोच.

विजेची जोडणी नसलेल्या जागी गॅसआधी बॅटरी दगा देते. फर्नेसचा पंखा 12 व्होल्टवर साधारण 8 अँपिअर घेतो. बारा तासांच्या रात्रीत सहा तास चालला तर 48 अँपिअर-तास गेले. 100 अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच वापरायची असते, म्हणजे एक रात्र, बस्स. पंखा थांबला की फर्नेसही थांबते. पूर्ण उतरलेली अशी बॅटरी उणे 7 च्या आसपास स्वतःच गोठते. लिथियमची असेल तर ती शून्याखाली चार्ज करू नका, ती कायमची बिघडते. पहिल्या खेपेला पूर्ण जोडण्यांचीच, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हींची सोय असलेली, जागा घ्या. साउथ रिमवरचं ट्रेलर व्हिलेज वर्षभर उघडं असतं आणि तिथं त्या आहेत. शेजारच्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याच्या जोडण्या नाहीत.

पाण्याची जोडणी असली तरी होज (पाणी भरायची नळी) रात्रभर नळाला लावून ठेवायचा नाही. दुपारी टाकी भरा, होज काढा, उंच धरून पूर्ण निथळू द्या, गुंडाळून आत ठेवा आणि टाकीतलं पाणी पंपानं वापरा. टाकी भरलेलीच असू द्या, मोठा साठा लवकर गोठत नाही. गरम होणारा होज मिळतो, पण तो स्वतःपुरतं बघतो. ज्या नळाला तो लावला त्यावर वेष्टन नसेल तर तिथं बर्फ धरतो. बाहेरचा शॉवर आणि तळाशी लोंबणाऱ्या निचऱ्याच्या दोन नळ्या सगळ्यात आधी गोठतात. शॉवरचं पाणी काढून टाका, त्या नळ्यांना पाइपचा फोम गुंडाळा. रात्री सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. वॉटर हीटर भरलेला असेल तर बंद करू नका.

ग्रे टँकचा (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीचा) व्हॉल्व्ह उघडा ठेवून "पाणी आपलं जाईल वाहत" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बारीक धार सांडपाण्याच्या होजमध्ये थराथरानं गोठते आणि सकाळी हातात तीन मीटरचा बर्फाचा दांडा येतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी बरीच भरली की दुपारच्या उन्हात रिकामी करा, होज लगेच धुऊन उचला. रिकाम्या ब्लॅक टँकमध्ये (टॉयलेटच्या टाकीत) अर्धा गॅलन आरव्हीसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ (गोठण रोखणारं द्रव) ओता, म्हणजे व्हॉल्व्हपाशी बर्फ बसत नाही. तेच: ते बहुधा प्रोपिलिन ग्लायकॉलचं असतं. मोटारीच्या रेडिएटरमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी, ते पाण्याच्या कुठल्याही नळीत नको. फोडणीचं तेल आणि तूप सिंकमध्ये सोडू नका, थंडीत ते पाइपात थिजून बसतं.

वारा असेल तर गाडीखालून तो आरपार जातो. चार दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर फोमच्या पाट्या कापून खालची बाजू चहूकडून बंद करा. छतातल्या 14 इंची झरोक्यांत उशी बसवा, पण एक झरोका बोटभर उघडा हवाच. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. गॅसच्या शेगडीवर ती सगळी आतच राहते. त्यात चार माणसांचे श्वास आणि कुकरच्या शिट्ट्या, मग खिडक्यांवरून पाणी ओघळून गाद्या ओल्या होतात. शेगडी पेटवून खोली गरम करणं मात्र कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो. त्याचा अलार्म बटण दाबून पहिल्याच संध्याकाळी तपासा.

एवढं करूनही सकाळी नळ कोरडा निघालाच, तर आधी पंप बंद करा. गाडीतले सगळे नळ उघडा, फर्नेस 24 सेल्सिअसवर लावा, पंपाभोवतीचं कपाट उघडून हेअर ड्रायर फिरवा. ज्योत कुठंही नको. पाइप फुटला असेल तर तो गोठलेला असेपर्यंत कळत नाही, वितळल्यावरच गळतो. म्हणून पंप पुन्हा सुरू करताना एक जण बटणापाशी आणि दुसरा टॉर्च घेऊन गाडीखाली. नळ सगळे बंद असूनही पंप थांबून थांबून घरघरत असेल, तर कुठंतरी गळतंय.