न्यू वेगसला पोचायचंय? आधी दक्षिणेला वळा

'फॉलआउट: न्यू वेगस' हा व्हिडिओ गेम २०१० साली आला, पण आजही लोक तो नव्याने सुरू करतात. बहुतेकांचा पहिला डाव एकाच जागी फसतो. गुडस्प्रिंग्ज या सुरुवातीच्या गावातून बाहेर पडलं की उत्तरेला वेगसचे दिवे दिसतात आणि पावलं सरळ तिकडे वळतात. त्या वाटेवर कॅझाडोर नावाच्या विषारी, राक्षसी गांधीलमाश्या आहेत, तर हायवेने गेलात तर स्लोनजवळच्या खाणीत डेथक्लॉ हे महाकाय हिंस्र प्राणी. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पात्राचा तिथे निभाव लागत नाही. गेमने आखलेला रस्ता लांबचा आहे: प्रिम, मोहावी आउटपोस्ट, निप्टन, नोव्हॅक, बोल्डर सिटी आणि मग वेगस. पहिल्या खेपेला हाच धरा, कारण शस्त्रं, सोबती आणि अनुभव याच क्रमाने मिळत जातात.

पण खरा पाया त्याआधी, गावचा डॉक्टर डॉक मिचेल याच्या घरात पात्र घडवताना घातला जातो. सात गुणांमध्ये मिळून ४० पॉइंट वाटायचे असतात. नवख्यासाठी ही वाटणी चांगली चालते: स्ट्रेंग्थ ५, पर्सेप्शन ५, एंड्युरन्स ७, करिस्मा १, इंटेलिजन्स ९, अ‍ॅजिलिटी ६, लक ७. करिस्मा १ पाहून दचकू नका. या गेममध्ये त्याचा उपयोग मुख्यतः सोबत्यांची ताकद वाढवण्यापुरता आहे. बोलण्यात जिंकायला स्पीच हे स्किल लागतं आणि ते पॉइंट घालून वाढवता येतं. इंटेलिजन्सवर मात्र हात आखडता घेऊ नका. दर लेव्हलला मिळणारे स्किल पॉइंट त्याच्यावर ठरतात. ४ आणि ८ यांतला फरक लेव्हलमागे २ पॉइंटांचा, म्हणजे ३० व्या लेव्हलपर्यंत ५८. एंड्युरन्स जितका, तितके इम्प्लांट (शरीरात बसवायची उपकरणं) पुढे न्यू वेगस मेडिकल क्लिनिकमध्ये बसवता येतात. गुण एकाने वाढवणाऱ्या प्रत्येक इम्प्लांटला ४,००० कॅप्स (गेममधलं चलन) पडतात, म्हणून सुरुवातीलाच कुठलाही गुण १० वर नेणं म्हणजे एक पॉइंट वाया घालवणं.

टॅग करायला, म्हणजे खास म्हणून निवडायला, तीन स्किल मिळतात, प्रत्येकाला १५ चा बोनस. गन्स, स्पीच आणि रिपेअर घ्या. यापुढे सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे पॉइंट सगळीकडे थोडे थोडे शिंपडणं. कुलपं आणि कॉम्प्युटर २५, ५०, ७५ आणि १०० या टप्प्यांवरच उघडतात, त्यामुळे लॉकपिक ६० असलं काय आणि ५० असलं काय, कुलपाला फरक पडत नाही. एक टप्पा गाठा, मगच दुसऱ्या स्किलकडे वळा. संवादातही नशिबाचा भाग नाही: समोर लिहिलेला आकडा असेल तर जमतं, नसेल तर नाही. दहा कमी पडत असतील तर त्या स्किलचं मासिक वाचा, मिनिटभर १० ची भर पडते. मात्र ते बोलणं सुरू करण्याआधी वाचावं लागतं, संवादाच्या मध्येच पिप-बॉय (सामान दाखवणारा मनगटावरचा कॉम्प्युटर) उघडत नाही.

हे सगळं गुडस्प्रिंग्जमध्येच अनुभवता येतं. आधी गावातल्या सनीकडून नेमबाजी आणि शेकोटीवरचं औषध शिकून घ्या (एक ब्रॉक फ्लॉवर आणि एक झँडर रूट मिळून एक हीलिंग पावडर). मग पेट्रोल पंपात लपलेल्या रिंगो या व्यापाऱ्याला भेटा. गावाला त्याच्या मागावरच्या पावडर गँगर्स या टोळीविरुद्ध उभं करायचं तर दारूच्या गुत्त्याची मालकीण ट्रूडीला पटवायला स्पीच २५, दुकानदार चेटकडून चिलखतं काढायला बार्टर २५ आणि म्हाताऱ्या ईझी पीटच्या डायनामाइटसाठी एक्सप्लोझिव्ह्ज २५ लागतं. डॉककडे औषधंही मागता येतात. वरच्या वाटणीत टॅग केलेलं स्पीच २३ वर सुरू होतं, दोनच कमी. दुसरी लेव्हल मिळेपर्यंत थांबा, दोन पॉइंट तिथे टाका आणि मग ट्रूडीशी बोला.

लढाईत गोळ्या लागूनही शत्रू हलत नसेल तर त्याच्या हेल्थबारशेजारी लाल ढाल दिसते का बघा. दिसली तर तुमचा मारा त्याच्या चिलखतात अडकतोय. प्रत्येक गोळीच्या माऱ्यातून चिलखताचा डीटी (डॅमेज थ्रेशोल्ड, म्हणजे मारा अडवण्याची क्षमता) वजा होतो: १८ चा मारा, समोर डीटी १०, उरले ८. डीटी कितीही असला तरी माऱ्याचा २० टक्के भाग आत जातोच, पण तेवढ्यावर लढाई जिंकता येत नाही. शॉटगनचा प्रत्येक छर्रा वेगळा मोजला जातो, म्हणून चिलखतवाल्यासमोर ती साफ फिकी पडते. तिथे आर्मर-पिअर्सिंग गोळ्या वापरा. हॉलो पॉइंट गोळ्या गेको (मोठ्या पाली) किंवा उघड्या अंगाच्या लुटारूंसाठी ठेवा. चिलखतावर त्या उलट कमी काम करतात. शस्त्राला लागणारी स्ट्रेंग्थ आणि स्किल तुमच्याकडे नसेल तर नेम हलतो, तेव्हा मोठी बंदूक सापडली म्हणून लगेच ती उचलून लढू नका.

प्रिममध्ये शिरताना पुलावर सुरुंग आहेत, हळू चाला. निप्टनमध्ये लीजन या क्रूर फौजेचा व्हल्पेस भेटेल. कितीही राग आला तरी त्या लेव्हलला त्याच्याशी भिडू नका, ऐकून घ्या आणि पुढे निघा. नोव्हॅकमध्ये बून हा नेमबाज रात्री डायनासोरच्या पुतळ्याच्या तोंडात पहाऱ्यावर असतो. दूरवरून मारणारा इतका चांगला सोबती इतक्या लवकर दुसरा मिळत नाही, पण तो सोबत असला की लीजन तुमच्यावर चालून येतं. एनसीआर (लीजनशी लढणारं कॅलिफोर्नियाचं प्रजासत्ताक) किंवा लीजनचा गणवेश अंगावर चढवलात तर दुसरी बाजू दिसताक्षणी गोळ्या घालते, तेव्हा चिलखत बदलताना त्याचं नाव वाचा.

पीसीवर हा गेम मध्येच बंद पडतो, कारण तो मुळात २ जीबीच मेमरी वापरतो. ही मर्यादा वाढवणारा ४ जीबी पॅच आधी टाका आणि क्विकसेव्हवर विसंबू नका; तासाभराने नव्या नावाने सेव्ह करा. सगळी जोडकथानकं असलेली अल्टिमेट एडिशन असेल तर सुरुवातीलाच रेडिओवरून चार नव्या प्रदेशांची आमंत्रणं येतात. ती तशीच राहू द्या. त्यांतल्या 'डेड मनी'त तर सगळं सामान काढून घेतात आणि कथा संपेपर्यंत परतता येत नाही. तिथे २० व्या लेव्हलच्या आसपास जा.

वेगसमधल्या कॅसिनोंच्या स्ट्रिप या भागाच्या फाटकावर रोबो २,००० कॅप्स मागतो. ते फक्त दाखवायचे असतात, तो घेत नाही. तेवढे नसतील तर मिक अँड राल्फ्स या दुकानात ५०० कॅप्सला बनावट पासपोर्ट मिळतो.