टीएन व्हिसासाठी सीमेवर जाण्याआधी या चुका टाळा

अधिकाऱ्याने माझं पत्र दोनदा वाचलं, पदवी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यादीतला कुठला व्यवसाय?" मी आत्मविश्वासाने म्हणालो, "सॉफ्टवेअर डेव्हलपर." त्याने समोरची यादी माझ्याकडे सरकवली. "यात दाखवा." मी वरून खाली बोट फिरवलं. तो शब्द त्या यादीत नव्हताच.

त्या दिवशी मी परत फिरलो. बॅग गाडीत तशीच होती, अमेरिकेतल्या नव्या घराचं पहिलं भाडं भरून झालं होतं. तीन आठवड्यांनी तीच पदवी, तीच कंपनी आणि तीच नोकरी घेऊन पुन्हा गेलो आणि अर्ध्या तासात काम झालं. फरक फक्त पत्रात होता. तेव्हापासून टोरांटोच्या आसपासची मराठी मंडळी टीएनसाठी निघाली की मी त्यांची कागदपत्रं एकदा नजरेखालून घालतो. त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीएन म्हणजे अमेरिकेत ठरावीक मुदतीसाठी नोकरी करायची परवानगी. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात १ जानेवारी १९९४ पासून नाफ्टा हा व्यापार करार होता. १ जुलै २०२० पासून त्याची जागा नव्या कराराने घेतली, पण व्यावसायिकांसाठीची टीएनची सोय तशीच राहिली. करारात साठाहून थोड्या जास्त व्यवसायांची यादी आहे. त्यातल्या व्यवसायात अमेरिकी कंपनीने नोकरी देऊ केली असेल, तर कॅनडाच्या नागरिकाला वकिलातीत जावं लागत नाही. सीमेवर किंवा अमेरिकी तपासणी असलेल्या कॅनडातल्या विमानतळावर कागद दाखवायचे, ५० डॉलर शुल्क भरायचं, आणि निर्णय तिथल्या तिथे होतो. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात आणि पुढे कितीही वेळा नूतनीकरण करता येतं. एच-१बी या अमेरिकेच्या नेहमीच्या नोकरीच्या व्हिसासारखी वार्षिक मर्यादा नाही, लॉटरी नाही.

ही सोय इतकी सरळ आहे की माणसं गाफील राहतात.

पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे

पहिला प्रश्न पासपोर्टचा. कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, असून पासपोर्ट भारतीय असेल तर टीएन मिळत नाही, मग कॅनडात दहा वर्षं काढलेली असोत. उलट जन्म सांगलीचा असो की सोलापूरचा, कॅनडाचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर काहीच अडचण नाही. जन्मस्थान इथे पाहत नाहीत.

पुण्यामुंबईतले काही एजंट "टीएनवर अमेरिकेला पाठवतो" असं सांगून पैसे घेतात, हे ऐकून पोटात तुटतं. भारतीय पासपोर्टवर टीएन मिळतच नाही. असं कुणी सांगत असेल तर एक रुपयाही देऊ नका. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेल्यांसाठी ई-३ आणि सिंगापूरच्या नागरिकांसाठी एच-१बी१ असे अमेरिकेचे नोकरीचे व्हिसा आहेत, पण त्यांचे नियम वेगळे आहेत. तुमच्या चुलतभावाने मेलबर्नहून दिलेला सल्ला टीएनला लावू नका.

यादीतला शब्द, पदवीतला शब्द, पत्रातला शब्द

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. समोरचा अधिकारी तीन गोष्टी जुळवून पाहतो: व्यवसाय यादीत आहे का, त्या व्यवसायाला लागणारी पात्रता तुमच्याकडे आहे का, आणि पत्रात लिहिलेलं काम खरंच त्या व्यवसायाचं आहे का. कंपनीने तुम्हाला कार्डावर कोणतं पदनाम दिलंय याला इथे महत्त्व नाही.

आपल्या लोकांत संगणकवाले जास्त, म्हणून त्यांचंच आधी घेतो. प्रोग्रॅमर हा व्यवसाय यादीत नाही. 'इंजिनिअर' आहे आणि 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अॅनालिस्ट' आहे. बीई किंवा बीटेक असेल आणि काम प्रणालीची रचना, आराखडा, तांत्रिक निर्णय अशा स्वरूपाचं असेल, तर इंजिनिअर हा रस्ता योग्य. पण ज्यांनी पुण्यात बीसीएस आणि मग एमसीए केलंय, ते "मी सॉफ्टवेअर इंजिनिअरच आहे" म्हणत इंजिनिअरच्या रकान्यात शिरू पाहतात. तिथे अधिकारी इंजिनिअरिंगची पदवी मागतो आणि ती नसते. त्यांनी अॅनालिस्टच्या व्यवसायाचा विचार करावा, अर्थात काम खरोखर विश्लेषणाचं असेल तरच. गरजा समजून घेणं, प्रणालीचा अभ्यास करणं, उपाय सुचवणं हा कामाचा गाभा हवा. ओघात थोडं कोडिंग आलं तर चालतं. दिवसभर कोडिंगच असेल तर चालत नाही.

माझ्या पहिल्या पत्रात कंपनीच्या एचआरने नोकरीची जाहिरात जशीच्या तशी चिकटवली होती. "जावामध्ये कोड लिहिणे, दोष शोधणे, संघासोबत काम करणे." माझं खरं काम त्यापेक्षा बरंच वेगळं होतं. पेमेंट प्रणालीची रचना मी करत होतो, तिचे भाग कसे जोडायचे हे ठरवत होतो. दुसऱ्या पत्रात तेच लिहिलं, इंजिनिअर हा शब्द लिहिला, आणि माझ्या बीईचा त्या कामाशी काय संबंध हे दोन ओळींत सांगितलं. एक गोष्ट कळकळीने सांगतो: नसलेलं काम पत्रात घुसडू नका. खोटं सापडलं तर फक्त अर्ज जात नाही, अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते.

मॅनेजमेंट कन्सल्टंट या व्यवसायाकडे अधिकारी फार बारकाईने पाहतात, कारण पदवी जुळली नाही की लोक तिकडे वळतात. पदवी किंवा पाच वर्षांचा अनुभव एवढीच अट दिसते, म्हणून तो सोपा वाटतो. पण कन्सल्टंट म्हणजे कंपनीचा एखादा प्रश्न सोडवायला आलेला बाहेरचा माणूस. कंपनीतली नेहमीची, कायमची जागा भरायला तो रस्ता नाही.

अर्थतज्ज्ञाचंही तसंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की फायनान्शियल अॅनालिस्ट आणि मार्केट रिसर्च अॅनालिस्ट हे 'इकॉनॉमिस्ट'मध्ये मोडत नाहीत. बँकेत काम करणाऱ्या किती तरी जणांना हे अजून माहीत नसतं.

नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्नॉलॉजिस्ट यांनी परवान्याशिवाय आणखी एक कागद विसरू नये, तो म्हणजे व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र, आरोग्य क्षेत्रातल्यांचं शिक्षण आणि परवाना तपासून दिलेला दाखला. ते हातात यायला वेळ लागतो, म्हणून नोकरीचं बोलणं सुरू झालं की लगेच अर्ज करा. डॉक्टरांना टीएन फक्त शिकवणं आणि संशोधन यासाठी मिळतो, रुग्ण तपासण्यासाठी नाही.

भारतातली पदवी

इथे आपल्या मंडळींचे खास घोळ आहेत.

तीन वर्षांची बीकॉम किंवा बीएससी अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. एच-१बीमध्ये तीन वर्षांचा अनुभव एक वर्षाच्या शिक्षणाच्या जागी मोजता येतो. टीएनमध्ये ती मुभा नाही. पुढे एमकॉम किंवा एमसीए केलं असेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून दोन्ही पदव्यांचं एकत्र मूल्यांकन करून घ्या. अकाउंटंटना पदवीऐवजी सीपीए (सनदी लेखापालाची पात्रता) चालतं, ते असेल तर प्रश्नच मिटला.

डिप्लोमावाल्यांनी नीट ऐका. काही व्यवसायांत पदवीऐवजी डिप्लोमा आणि तीन वर्षांचा अनुभव चालतो, हे खरं. पण करारातल्या व्याख्येप्रमाणे तो डिप्लोमा कॅनडा किंवा अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेचा, दोन किंवा अधिक वर्षांच्या शिक्षणानंतर मिळालेला हवा. आपल्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा कितीही चांगला असला तरी त्या व्याख्येत बसत नाही.

मूल्यांकनाचा अहवालही तपासून बघा. कॅनडाच्या पीआरसाठी केलेला जुना अहवाल बहुतेकांकडे असतो आणि तोच ते फाइलला लावतात. त्यात पदवीची बरोबरी कॅनडाच्या शिक्षणाशी दाखवलेली असते. अमेरिकेच्या शिक्षणाशी बरोबरी दाखवणारा अहवाल वेगळा मागवा.

आणि मूळ पदवी प्रमाणपत्र! कित्येकांनी ते विद्यापीठातून कधी आणलेलंच नसतं. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि तात्पुरतं प्रमाणपत्र एवढ्यावर वीस वर्षं नोकऱ्या केलेल्या असतात. मग नोकरीचं पत्र आल्यावर आईवडिलांना विद्यापीठाच्या खिडकीवर पाठवावं लागतं. आजच कपाट उघडून बघा.

नावाचा गोंधळ तर घरोघरी. आपल्या गुणपत्रिकांवर बरेचदा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लग्न झालेल्या बायकांच्या पदवीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव. अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती. विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर ते राजपत्र सोबत ठेवा. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी हे सगळं एका पानावर लिहून फाइलच्या वर ठेवलं होतं: लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, कोणत्या कागदावर कोणतं. त्यांना त्यावर एकही प्रश्न आला नाही.

पत्रात काय हवं

कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी: यादीतला व्यवसाय त्याच शब्दांत, कामाचं स्वरूप, तुमची पात्रता, किती काळासाठी, पगार किती. दोन पानांत हे सगळं बसतं. वकिलाने लिहिलेलं दहा पानी पत्र मी पाहिलंय, पण समोर रांग असलेल्या अधिकाऱ्याला ते वाचायला वेळ नसतो. "कायमस्वरूपी नोकरी" हे शब्द एचआरच्या नमुन्यात हमखास असतात. ते काढून तीन वर्षांपर्यंतची मुदत लिहायला सांगा. स्वतःच्या मालकीच्या कंपनीसाठी टीएन घेता येत नाही, तेव्हा तोही प्रयत्न नको.

खिडकीसमोर

टीएन तात्पुरता आहे आणि एच-१बीसारखी दुहेरी हेतूची मुभा, म्हणजे तात्पुरतं येऊन कायम राहायचा विचारही करण्याची मोकळीक, त्यात नाही. "पुढे ग्रीन कार्ड करणारच आहे" हे उत्साहाच्या भरात बोललेलं वाक्य महागात पडतं. पण कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया खरंच सुरू केली असेल तर लपवू नका. आधी वकिलाशी बोला, मगच सीमेकडे जा. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, खरं द्या.

विमानाने जाणार असाल तर वेळ भरपूर ठेवा. टीएनची तपासणी वेगळ्या खोलीत होते आणि तिथे रांग असली की विमान थांबत नाही.

जोडीदार आणि मुलं

त्यांना टीडी, म्हणजे टीएनधारकाच्या कुटुंबासाठीची परवानगी, मिळतो. शिकता येतं, नोकरी करता येत नाही. घराचा हिशेब दोन पगारांवर मांडला असेल तर हे आधीच लक्षात घ्या. जोडीदाराचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर टीडी मिळू शकतो, पण त्यासाठी अमेरिकी वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो. नवरा आत आणि बायको सीमेवर अडकलेली, असं झालेलं मी पाहिलंय. एकाच गाडीत निघण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा.

नाकारलं तर

वाद घालू नका. नेमकं काय कमी पडलं ते विचारा आणि घरी येऊन शब्द न शब्द लिहून काढा. बहुतेक वेळा अर्ज मागे घेण्याची संधी मिळते, ती घ्या. दुरुस्त कागद घेऊन पुन्हा जाता येतं. तेच कागद घेऊन दुसऱ्या दिवशी सीमेवरच्या दुसऱ्या नाक्यावर जाणं मात्र टाळा, आदल्या दिवसाची नोंद त्यांच्या संगणकावर असते. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर कंपनीला इमिग्रेशन खात्याकडे आय-१२९ हा अर्ज भरायला सांगा. त्यात वेळ आणि पैसा जास्त लागतो, पण मंजुरीचा कागद हातात घेऊनच तुम्ही सीमेवर जाता.

नोकरी बदलली तर नवा टीएन लागतो, जुन्यावर नव्या कंपनीत काम सुरू करता येत नाही. नोकरी गेली तर साठ दिवसांपर्यंत सवलत असते, पण आय-९४ची, म्हणजे तुमच्या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस.

ती आय-९४ची नोंद पोचल्या दिवशीच संकेतस्थळावर उघडून बघा. प्रवेशाचा प्रकार टीएन लिहिलाय का, मुदत पत्राप्रमाणे आहे का. पासपोर्ट दीड वर्षात संपत असेल तर मुदतही तिथेच तोडलेली दिसू शकते, म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण आधी करून निघालेलं बरं. नोंदीत अधिकाऱ्याकडूनच चूक झाली असेल तर सीमा विभागाच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात ती दुरुस्त करून मिळते. तिथे जाताना पत्राची प्रत आणि पासपोर्टवरचा शिक्का सोबत हवा.