बाजाराची टोपली घरी विणायची तर आधी कामटी काढायला शिका

बांबूची टोपली विणायला शिकवणारे व्हिडिओ हल्ली बरेच फिरतात. त्यातल्या बहुतेकांत पहिल्याच मिनिटाला एक वाक्य येतं, "आता या तयार पट्ट्या घ्या." मी तिथेच बंद करतो. स्वयंपाक शिकवणाऱ्यानं "आता हा शिजलेला वरण-भात घ्या" म्हणावं, तसला प्रकार आहे हा. विणणं दहा वर्षांच्या पोरालाही एका दुपारी जमतं. माणसं टोपली अर्धवट टाकून देतात ती कामट्यांपायी, म्हणजे बांबू फाडून काढायच्या पट्ट्यांपायी, आणि त्याबद्दल कुणी नीट बोलत नाही.

आपण करणार आहोत ती रोजच्या बाजाराची, वर धरायची कडी असलेली टोपली. बूड साधारण 22 सेंटीमीटर चौरस, उंची तेवढीच, तोंड जरा उघडं. दोन किलो कांदे, किलोभर बटाटे, मेथीच्या दोन जुड्या आणि एक नारळ सहज मावतो. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशव्या घरोघर झाल्या, पण पिशवीत टोमॅटो तळाशी जातो आणि घरी येईपर्यंत त्याचं सार होतं. टोपलीत होत नाही.

लोक हिला लाकडी टोपली म्हणतात. बांबू लाकूड नव्हे, गवत आहे. हा भेद पुस्तकी वाटेल, पण सगळं काम त्यावरच चालतं. बांबूचे धागे कांड्यातून सरळ उभे धावतात, म्हणून तो कापायचा नसतो, फाडायचा असतो. करवतीनं उभ्या पट्ट्या काढायला सांगणाऱ्याचं काही ऐकू नका. करवत धागे तोडते आणि ती पट्टी वाकवली की तिथेच मोडते.

बांबू कोणता घ्यावा? कोकणात माणगा मिळेल, विदर्भात मानवेल, आमच्या कोल्हापूरकडे मेस किंवा चिवा. नावापेक्षा कांडं बघा. दोन पेरांमधलं, म्हणजे गाठींमधलं, अंतर फुटापेक्षा जास्त हवं, पेरं फार उठलेली नकोत, जाडी मनगटाएवढी, म्हणजे पाच-सहा सेंटीमीटर. काटेरी कळक नवख्यानं घेऊ नये. वय दोन ते तीन वर्षं. वर्षाच्या आतला कोवळा बांबू सुरेख फाटतो आणि वाळला की आक्रसून सगळी वीण सैल करतो. जुना झालेला वाकवताना तडकतो. तोडायचा तो पावसाळा संपल्यावर, थंडीत. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असतात, तेव्हा हात लावायचा नाही. थंडीत बांबूत पिठूळ अंश कमी असतो, त्यामुळे कीडही कमी लागते. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू किडत नाही असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. मी दोन्ही पक्षांत तोडून बघितलंय, मला फरक दिसला नाही. महिना चुकला की मात्र दिसतो. बांधावरचा स्वतःचा बांबू तोडायला आता अडचण नसते, कारण 2017 साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातला मात्र अजूनही परवानगीचाच.

चोवीस-पंचवीस फुटी एक बांबू एका टोपलीला पुरतो. तुम्ही दोन आणा. एक शिकण्यात जाणार आहे.

ओला बांबू चांगला फाटतो. वाळलेलाच मिळाला तर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा. सरळ पात्याचा धारदार कोयता, एक सुरी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन तुकडे घ्या. ट्यूब बोटांना गुंडाळायची. बांबूच्या पाठीची कड दाढीच्या पात्यासारखी लागते. माझ्या डाव्या तर्जनीवर अजून पांढरी रेघ आहे, आणि त्या दिवशी मी "एवढ्याशा कामाला कशाला" म्हणून ट्यूब बांधली नव्हती.

आता कामटी.

बांबूचे मीटरभराचे तीन तुकडे करा, ते उभ्या कामट्यांसाठी. अडीच मीटरचा एक, विणायच्या पट्ट्यांसाठी. दीड मीटरचा एक, कडीसाठी. तुकडा शेंड्याच्या बाजूनं फाडायला घ्यायचा, बुडाकडून नाही. बरोबर मध्यावर कोयता ठेवून वर लाकडाचा टोला द्या. पातं आत शिरलं की टोले बंद. आता कोयता पिळायचा. पिळला की चीर आपोआप पुढे धावते, आणि पेर आलं की अडते. तिथे पुन्हा हलका टोला, पुन्हा पीळ. पेरापाशी धागे गुंतलेले असतात, म्हणून घाई केली तर चीर तिथेच भलतीकडे वळते.

दोन भाग झाले. त्यांचे चार, चारांचे आठ. दर वेळी निम्मे, हे कधी मोडू नका. एका कडेनं दीड सेंटीमीटर, मग पुन्हा दीड सेंटीमीटर असं पावासारखं कापत गेलात तर प्रत्येक चीर बारीक बाजूला पळेल आणि हातात टोकदार चिंध्या येतील. आठ भाग केले की प्रत्येक दोन सेंटीमीटरच्या आसपास भरतो, सुरीनं कडा तासून दीडवर आणा. पेरांपाशी आत असलेले पडदे काढून टाका.

इथवर सगळ्यांचं जमतं. पुढच्या पायरीवर मी पहिलं वर्ष घालवलं.

प्रत्येक तुकड्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठ म्हणजे बाहेरची हिरवी, गुळगुळीत, चिवट बाजू. पोट म्हणजे आतली पांढरट, मऊ, ठिसूळ बाजू. टोपलीला पाठ हवी. म्हणून तुकडा आता जाडीत फाडायचा, पाठ वेगळी, पोट वेगळं. टोकाला सुरीनं मध्यावर चीर पाडली, दोन्ही हातांत एकेक पदर धरला आणि ओढत गेलो, की पहिलं कांडं छान जायचं. दुसऱ्या कांड्यात एक पदर बारीक व्हायला लागायचा. मी घाबरून त्या बारीक पदराला जपायचो, दुसऱ्या अंगाला ओढायचो, सुरी मध्ये घालून चीर ढकलून बघायचो. काही उपयोग नाही. हातभर गेलं की बारीक पदर शेपटीसारखा निमुळता होऊन तुटायचा. जे काही उरायचं ते एका टोकाला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला एक. असल्या कामट्यांच्या मी सात-आठ टोपल्या विणल्या. सगळ्या एका अंगाला कललेल्या. मला वाटायचं, माझी वीण वाईट आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुरुडकाम करणाऱ्या एक काकी बसायच्या. एकदा त्यांच्याकडून सूप घेताना मी हे रडगाणं गायलो. त्यांनी माझ्या हातात एक तुकडा दिला, म्हणाल्या, "फाड बघू." मी फाडायला लागलो. चीर सरकली तशा त्या ओरडल्या, "अरं, जाड अंग वाकव की! बारक्याला कशाला धरून बसलायस?"

सगळी गोम एवढीच. चीर ज्या पदराला जास्त बाक मिळेल त्या पदराकडे सरकते. मी बारीक झालेल्या पदराला हातात खेचून वाकवत होतो आणि तो अजून बारीक होत होता. करायचं उलटं. बारीक पदर गुडघ्यावर किंवा जमिनीवर सरळ टेकवून स्थिर ठेवायचा आणि जाड पदर त्याच्यापासून दूर, चांगला कमानीसारखा वाकवायचा. चीर वळून जाडाकडे येते. दोन्ही सारखे झाले की पुन्हा दोन्ही हात सारखे. डोळा कायम चिरेच्या टोकावर ठेवायचा, हातांवर नाही. फरक केसाएवढा असतानाच वाकवायचं. दुपटीवर गेला की मग ब्रह्मदेवालाही तो सुधारता येत नाही, त्या जागी कापून टाका आणि आखूड तुकडा दुसऱ्या कामाला ठेवा.

हे वाचून जमणार नाही. टाकाऊ दहा तुकडे घ्या आणि मुद्दाम चीर डावीकडे न्या, मग उजवीकडे न्या, मग मध्यावर आणा. गाडी शिकताना रिकाम्या मैदानात वळणं घेतात तसं. एका संध्याकाळचं काम आहे. मी त्यासाठी वर्ष घालवलं, कारण माझ्या डोक्यात "बारीक पदर तुटतोय, त्याला सांभाळ" हेच बसलं होतं.

उभ्या कामट्यांसाठी पाठीचा दोन मिलिमीटर जाडीचा पदर ठेवा. अशा सतरा लागतात, चार-पाच जादा काढा. विणायच्या पट्ट्यांसाठी अडीच मीटरच्या तुकड्याचे आठांचे सोळा करा, रुंदी तासून सात मिलिमीटरवर आणा आणि जाडी मिलिमीटरभर राहीपर्यंत फाडत जा. बारा-चौदा पट्ट्या पुरतात. पाठीखालचा दुसरा पदर विणायला चालतो, उभ्या कामटीला चालत नाही. अगदी आतलं पोट चुलीत. शेवटी प्रत्येक पट्टी सुरीच्या धारेखालून एकदा ओढून घ्या म्हणजे कुसळं जातील. आंघोळीआधी हे काम करा. कुसळं अंगभर होतात.

कडीची कामटी अडीच सेंटीमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड. ती काठाला बांधायची नसते. बाजारात कडी काठाला तारेनं बांधलेल्या टोपल्या मिळतात, त्या दिसतात छान आणि सहा महिन्यांत कडी हातात, कांदे रस्त्यावर. कडी बुडाखालून यायला हवी.

बूड साधं आहे. नऊ आडव्या, नऊ उभ्या, एक वर एक खाली, मध्ये सेंटीमीटरभर फट, पाठ जमिनीकडे. एका दिशेची मधली म्हणजे कडीची कामटी.

मग उभारणी. बुडाच्या चारी कडांवर कामट्या ओल्या करा, पाचेक मिनिटं ओलं फडकं ठेवा. कडीच्या कामटीला वळणाच्या दोन्ही जागी पोटाकडून निम्म्यापर्यंत तासून घ्या, नाहीतर ती वळणात तडकेल. कडेवर लाकडी पट्टी दाबून धरा आणि कामट्या वर उचला. पाठ बाहेरच राहायला हवी, कारण वळणावर ताण बाहेरच्या बाजूला येतो आणि तो फक्त पाठ सोसते. वरची टोकं सुतळीनं एकत्र बांधून रात्रभर राहू द्या.

सकाळी टोकं मोजा. छत्तीस. सम संख्येत एकच पट्टी गोल फिरवत नेली तर दुसऱ्या फेऱ्यातही ती त्याच कामट्यांवरून जाते आणि वीण बसतच नाही. म्हणून कोपऱ्याजवळची एक कामटी बुडापर्यंत उभी चिरून दोन करा. सदतीस झाली. आता विणत चला.

पहिले तीन फेरे अगदी बारीक पट्टीचे आणि घट्ट. टोपलीचा आकार तिथेच ठरतो, नंतर कितीही ओढाताण केली तरी बदलत नाही. पट्टी संपली की नवी पट्टी चार-पाच कामट्यांपर्यंत जुनीवर चढवून पुढे जा. गोंद, खिळा, स्टेपल यांपैकी काही लागत नाही. प्रत्येक फेरा खाली ठोकून बसवा.

वीस सेंटीमीटर विणून झालं की थांबा. काठ बांधायची घाई करू नका. टोपली दोन दिवस सावलीत ठेवा. पट्ट्या रुंदीत आक्रसतात, फटी दिसू लागतात. फेरे पुन्हा खाली बसवा, वर तीन-चार फेऱ्यांची जागा होईल, ती भरा. उन्हात वाळवलीत तर टोपली पापडासारखी वाकडी होते.

काठासाठी बोटभर रुंदीच्या दोन लांब कामट्या तोंडाभोवती वळवा, एक आतून, एक बाहेरून. उभ्या कामट्यांची टोकं एकाआड एक आत वळवून विणीत खोचा, उरलेली काठाबरोबर कापा. मग पाठीच्या पातळ, ओल्या पट्टीनं काठाच्या दोन्ही कामट्या एकत्र गुंडाळून आवळा. तार नको. साडीला अडकते आणि गंजते. कडीची दोन्ही टोकं वर एकमेकांवर वीतभर चढवून त्याच पट्टीनं गुंडाळा.

घरात कांदा-लसूण ठेवायला हवी असेल तर कडी वगळा, फटी दुप्पट ठेवा आणि उंची निम्मी करा. पसरट टोपलीत कांद्याला वारा लागतो. बारीक धान्य ठेवायचं तर भिजवलेल्या मेथीच्या वाटणात कागदाचा लगदा कालवून आतून-बाहेरून लिंपायची जुनी पद्धत अजूनही उत्तम. सुपांना हेच लिंपत.

व्हार्निश लावू नका, भाजीला वास येतो. पूर्वी टोपल्या चुलीवरच्या फळीवर असायच्या, धुरानं काळ्या व्हायच्या आणि किडायच्या नाहीत. गॅसच्या घरात तो धूर नाही, म्हणून पावसाळ्यात टोपली बंद कपाटात किंवा प्लास्टिकमध्ये ठेवू नका, बुरशी धरते. खुंटीला टांगा. माखली तर पाण्यानं झटकन धुऊन सावलीत उलटी ठेवा. खाली पिवळी पिठी पडलेली दिसली तर कीड आत आहे. तेवढी कामटी काढून नवी सरकवता येते.

पहिले आठ-दहा दिवस भरलेली टोपली चालताना करकरते. वीण बसत असते, येऊ द्या आवाज. पंधरा दिवसांनंतरही करकर राहिली तर काठाची बांधणी सैल आहे. सगळी टोपली उसवायची गरज नाही, काठाची पट्टी सोडा, भिजवा आणि पुन्हा आवळून बांधा.