हॉटेलात जेवायला गेल्यावर अन्न वाया न घालवता आणि जबाबदारीने कसं जेवायचं

घरी आपण उरलेलं झाकून ठेवतो, दुसऱ्या दिवशी खातो, भाजीचा देठसुद्धा टाकताना विचार करतो. पण हॉटेलात मेन्यू हातात आला की तिघांच्या टेबलावर सहा जणांचं जेवण येतं आणि अर्धं तसंच परत जातं. मला ते बघवत नाही. युनोच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे, त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात सालं-हाडं धरून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचू शकणाऱ्या अन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा, आणि त्यातला २८ टक्के वाटा हॉटेलं, कॅन्टीन, केटरिंग यांचा. म्हणून शाकाहारी की मांसाहारी हा वाद नंतर, आधी ऑर्डर नीट द्यायला शिकूया.

१. हॉटेल निवडताना

मेन्यूची लांबी बघा. शंभर-दीडशे पदार्थ असले की किचनला तेवढा माल कायम भरून ठेवावा लागतो, मग एकतर बरंचसं फ्रीजरमधलं असतं नाहीतर नासून फेकलं जातं. छोटा मेन्यू, तोही मोसमाप्रमाणे बदलणारा, हे चांगलं लक्षण. 'इको', 'नॅचरल', 'फार्म फ्रेश' असले शब्द कुणीही छापू शकतं, त्यापेक्षा भाजी, अंडी, मासे कुठून येतात हे स्पष्ट लिहिणाऱ्या हॉटेलवर माझा जास्त विश्वास बसतो. आणि टेबल बुक केलं असेल आणि जाणं रद्द झालं तर प्लीज फोन करून कळवा, तुमच्या हिशेबाने तयारी करून ठेवलेली असते हो.

२. ऑर्डर देताना (हीच खरी पायरी)

सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. आधी थोडं मागवा, ते खा, गप्पा मारा, पोट भरल्याचं कळायला थोडा वेळ लागतोच, आणि मग अजून हवं असेल तर पुन्हा मागवा. हॉटेलात बसलोय, किचन चालू आहे, संपलं तर पुन्हा मिळणारच आहे, तरी आपण पहिल्या पाच मिनिटांत सगळं का मागवतो हे मला अजून कळलेलं नाही.

वेटरला सरळ विचारा, "ही एक प्लेट किती जणांना पुरते?" रोज वाढणाऱ्या माणसाला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. हाफ मिळतं का तेही विचारा, मेन्यूत लिहिलेलं नसलं तरी बऱ्याचदा मिळतं. सोबत येणारा ब्रेड, सॅलड, चटण्या, सॉस यातलं जे तुम्ही खाणारच नाही ते "नको" म्हणून आधीच सांगा, कारण एकदा टेबलावर आलं की हात लावला नाही तरी ते बहुतेक कचऱ्यातच जातं. तिखट किती, कांदा-लसूण आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे हेही आधीच बोला, परत पाठवलेली डिश कुणी खात नाही.

सगळ्यात अवघड असतं पाहुण्यांना घेऊन जाणं. टेबल भरलेलं दिसलं पाहिजे, कमी मागवलं तर कंजूष म्हणतील, ही भीती मला पूर्ण समजते. अशा वेळी मी सरळ म्हणते की आधी एवढं मागवूया, मग प्रत्येकाने आपल्या आवडीचं एकेक सांगा. पाहुण्यांना मान मिळतो आणि दुसऱ्या फेरीपर्यंत निम्म्या लोकांचं पोट भरलेलं असतं.

बुफे असेल तर छोटी प्लेट घ्या. नॉर्वेच्या संशोधकांनी हॉटेलांत हे करून बघितलं, २०१३ साली त्यांचा पेपर आला, नुसत्या छोट्या प्लेट ठेवल्यावर वाया जाणारं अन्न साधारण २० टक्क्यांनी घटलं. आणि "पुन्हा पुन्हा या, थोडं थोडं घ्या" अशी पाटी लावली तरी जवळपास तेवढाच फरक पडला!

३. काय मागवायचं

पर्यावरणाचा विचार केला तर बीफ आणि मेंढीचं मांस सगळ्यात जड पडतं, कारण हे रवंथ करणारे प्राणी मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडतात आणि त्यांना जमीन, चारा खूप लागतो. डाळी-कडधान्यं त्यापुढे फारच हलकी. बरेच जण फक्त 'लोकल आहे ना' एवढंच बघतात, पण २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांचा डेटा गोळा करून एक मोठा अभ्यास झाला, त्यात अन्नामुळे होणाऱ्या अशा वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला. म्हणजे अन्न किती लांबून आलं यापेक्षा ते काय आहे हे जास्त महत्त्वाचं. अपवाद विमानाने येणाऱ्या नाजूक मालाचा, मोसम नसताना दिसणारी बेरी-फळं वगैरे, ते टाळलेलं बरं.

चिकन, अंडी या हिशेबात बरी दिसतात पण कोंबडी कशी जगली हा प्रश्न उरतोच. अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची की मोकळ्या, एवढं तरी विचारा. प्रत्येक बाजूने बरोबर असा पदार्थ सापडणं कठीण आहे. मांस सोडवत नसेल तर आठवड्यातून एक वेळ तरी टाळा, किंवा टेबलावर एकच मांसाहारी डिश घेऊन सगळ्यांनी वाटून खा.

४. मासे मागवताना

युनोच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे समुद्रातल्या ३७.७ टक्के मत्स्यसाठ्यांमधून मासे परत वाढू शकतील त्यापेक्षा जास्त मासेमारी होते. म्हणून तीन प्रश्न: कोणता मासा, कुठला, कसा पकडला. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात नको असलेले जीव, पिल्लंही सापडतात आणि मेलेली परत फेकली जातात, कोळंबीच्या ट्रॉलिंगमध्ये तर हे प्रमाण फारच वाईट. मुद्दाम पाळून वाढवलेले शिंपले, कालवं चांगली, त्यांना बाहेरून खाद्य द्यावं लागत नाही, ती पाणी गाळूनच जगतात. युरोपियन ईल (सापासारखा लांबट मासा) मात्र नकोच, तो अतिसंकटग्रस्त आहे. वेटरला उत्तर माहीत नसेल तर त्याची उलटतपासणी घेऊ नका, "किचनमध्ये विचारून सांगाल का?" एवढं पुरे, आणि उत्तर नाहीच मिळालं तर दुसरं काहीतरी मागवा.

५. वाढणारी माणसं

बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी जाऊन मोठी ऑर्डर देऊ नका. बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर तो स्टाफपर्यंत पोचतो का हे विचारा. एका ठिकाणी मी विचारलं तर त्या मुलाने आजूबाजूला बघून हळूच मान हलवली, "नाही". तेव्हापासून मी टिप हातातच देते. आत भांडी घासणाऱ्यालाही त्यातलं मिळतं का, हेही कधीतरी विचारून बघा.

६. उरलंच तर

डबा घरून न्या, लाजायचं काय त्यात! फ्रान्समध्ये तर १ जुलै २०२१ पासून गिऱ्हाईकाने मागितलं तर उरलेलं न्यायला डबा देणं हॉटेलांना बंधनकारक आहे. 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पॅकिंगवर फार विसंबू नका, त्यातलं पीएलए नावाचं प्लास्टिक कुजायला कारखान्यातलं साधारण ६० डिग्री तापमान लागतं, घरच्या कुंडीत ते तसंच पडून राहतं. पार्सल घेताना चमचे, टिश्यू, सॉसच्या पुड्या नको म्हणून सांगा.

अन्न टेबलावर आल्यापासून दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात एका तासात, म्हणजे डबा घेऊन सिनेमाला जाऊ नका. डबा फ्रीजमध्ये पुढे ठेवा, मागे गेला की विसरतो, आणि दुसऱ्या दिवशी जेवढं खाणार तेवढंच काढून वाफ येईपर्यंत नीट गरम करा.