सी भाषेतल्या मेमरीच्या चुका शोधताना या चुका टाळा

प्रोग्राम ‘फ्री’च्या (घेतलेली मेमरी परत करणाऱ्या फंक्शनच्या) ओळीवर कोसळला म्हणून त्याच ओळीकडे टक लावून बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘डबल फ्री ऑर करप्शन’ असा संदेश येतो तेव्हा घोळ बहुतेकदा आधीच झालेला असतो. फ्रीला तो फक्त सापडतो.

उदाहरण घ्या. गावाचं नाव कॉपी करताना मेमरी मागणाऱ्या मॅलॉकला स्ट्रलेनचा (मजकुराची लांबी मोजणाऱ्या फंक्शनचा) आकडा तसाच दिला, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या नल बाइटसाठी एक मिळवायचा राहिला. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही वेगळे धरून) 3 बाइट घेतं. ‘सोलापूर’ 21 बाइट, ‘कोल्हापूर’ 27, ‘चंद्रपूर’ बरोबर 24. 64-बिट लिनक्सवर ग्लिबसी (तिथली सीची लायब्ररी) 21 मागितले तरी वापरायला 24 देते आणि 27 मागितले तर 40, त्यामुळे पहिली दोन गावं सुखरूप. चंद्रपूरचा नल बाइट मात्र थेट शेजारच्या ब्लॉकच्या आकाराच्या नोंदीवर पडतो. तो ब्लॉक मोकळा करायची वेळ येते तेव्हा प्रोग्राम मरतो, तोही भलत्याच फंक्शनमध्ये. टेस्टिंगला चंद्रपूर नसेल तर सगळं हिरवंगार!

मग लोक किमती छापून बघायला जागोजागी प्रिंटएफ पेरत सुटतात. त्याने मेमरीची मांडणी बदलते, बग दडी मारतो आणि ‘सुटलं’ म्हणून फाइल बंद होते. त्यापेक्षा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावा, म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कंपायलरची सोय. तो जीसीसी कंपायलरमध्ये 4.8 पासून (2013) आहे. त्याचा फ्लॅग (कमांडमध्ये लिहायचा पर्याय) कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळी द्यावा लागतो. वेग साधारण निम्मा होतो, पण चंद्रपूरची चूक तो लिहिण्याच्या ओळीवरच पकडतो.

वॅलग्रिंड हे मेमरी तपासायचं दुसरं साधन. त्याला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही, पण प्रोग्राम वीस-तीस पट रेंगाळतो. वॅलग्रिंड गप्प बसला म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका: स्टॅकवरच्या अ‍ॅरेबाहेरचं लिखाण त्याच्या मेमचेकला (मेमरी तपासणाऱ्या भागाला) सहसा दिसत नाही. उलट, किंमत न भरलेला व्हेरिएबल तो पकडतो आणि सॅनिटायझर सोडून देतो. म्हणून दोन्ही चालवा, पण वेगवेगळ्या बिल्डवर. एकत्र ते नांदत नाहीत.

फ्रीनंतर पॉइंटर नल केला तरी त्याच्या इतर प्रती जुन्याच पत्त्यावर राहतात. रिअ‍ॅलॉकने (ब्लॉकचा आकार बदलणाऱ्या फंक्शनने) ब्लॉक दुसरीकडे हलवला तरी हेच होतं.

रिपोर्टमध्ये शेकडो एरर दिसल्या तर पहिलीच सोडवा आणि पुन्हा चालवा, बाकीच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात. वॅलग्रिंडच्या लीकच्या (परत न केलेल्या मेमरीच्या) यादीत ‘डेफिनिटली लॉस्ट’ आधी पाहा, तिथे पोचणारा पॉइंटरच उरलेला नसतो. पॉइंटर अजून हाताशी असलेल्या ‘स्टिल रीचेबल’ला घाई नाही.